देवमनकाकांची फळं

इंझोरी गावची आशा कार्यकर्ती धम्मदीपा पोषण महिन्यात अंगणवाडीत बायांना फळांची माहिती देत होती. संत्र्या-आवळ्यानं अंगात रोगाशी झुंजायची ताकद येते, केळी-अंजिरानं हाडं बळकट राहतात, असं ती समजावत होती. किडनीच्या माणसानं आधी डॉक्टरला विचारावं, हेही प्रशिक्षणात शिकवलं होतं. पण बायांना सोयाबीन सोंगायला, कापणीला शेतात जायची घाई होती. "फळानं कोनाचं वाईट नाई होत, कितीबी खा," असं म्हणून तिनं आवरतं घेतलं.

पुढ्यातच तिची चुलती भागिरथा बसली होती. भागिरथेचा नवरा देवमन, जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, सहा महिन्यांपासून हाडं ठणकतात म्हणून कण्हत होता. पायांवर सूज होती. वयच झालं, असं घरचे धरून चालले होते. धम्मदीपासुद्धा.

त्या दिवसापासून भागिरथेनं त्याला फळं सुरू केली. सकाळी केळी, दुपारी संत्री. त्याला दात नव्हते, म्हणून फोडी सोलून, बिया काढून ती स्वतः भरवायची. "हिनं तं मले लेकरूच करून टाकलं," म्हणत देवमन हसायचा. धम्मदीपा रस्त्यात भेटली की काकी सांगायची, "तुह्या काकाले फरक पडून राह्यला वं."

तीन आठवड्यांनी एका सकाळी देवमनचे हातपाय गळाले. वाशिमच्या दवाखान्यात पोचेस्तोवर त्याला धाप आवरेना. डॉक्टरांनी धम्मदीपाला बाजूला घेतलं.

"किडन्या कधीच्याच गेल्यात. हाडं त्यानंच दुखत होती. अशा माणसाला केळी-संत्री झेपत नाहीत, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. खायला काय देत होता?"

दुपार कलली तेव्हा देवमन गेला.

नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भागिरथा एकच सांगायची, "आखरीले फळं तरी पोटभर खाल्ली त्याईनं. धम्मानं सांगतलं म्हून." आत चहा गाळताना धम्मदीपाला ते रोज ऐकू यायचं. दहाव्या दिवशी तिला सोसवेना. काकी एकटीच तांदूळ निवडत बसली होती. तिच्यापाशी बसून तिनं सगळं सांगून टाकलं, डॉक्टरांचं बोलणं आणि स्वतः गाळलेलं वाक्यही.

भागिरथेचा हात सुपातच थांबला.

"म्हंजे मीच..."

"नाई काकी, तू नाई. चूक माही हाये."

"भरवत तं मी होती न."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "हे मले काहून सांगतलं वं? जन्मभर त्याईनं मले कमावून घातलं. मी त्याईच्यासाठी एवढंच केलं होतं. त्याच्यावर जगली असती मी."

सांगितलं की जीव हलका होईल, असं धम्मदीपाला वाटलं होतं. आता तिला काकीच्या पाठीवर हात ठेवायचीही हिंमत होईना.

ती आजही घरोघर जाते. फळांचं बोलायच्या आधी बीपी, शुगर, किडनीची चौकशी करते. भागिरथेच्या दारीही थांबते. काकी जयभीम घेते, पाणी देते आणि तांब्या परत घेताना वर पाहत नाही.