सतरा किलोंची सीट

माझ्या नवऱ्याला एका लाकडी फळ्यावर स्वतःचं नाव हवं होतं. एरवी त्याच्या फार मागण्या नसतात. तो फळा शर्यतीच्या धावपट्टीशेजारच्या पत्र्याच्या खोलीत टांगलेला आहे. चारशे मीटरची सरळ पट्टी जो बारा सेकंदांच्या आत पार करतो, त्याचं नाव तिथे रंगवतात. गाडी कुणी बांधली, इंजिन कुणी खोललं, याची दखल घ्यायची तिथे पद्धत नाही. गॅरेज माझं, गाडी मी बांधलेली, त्यामुळे हे मला पहिल्यापासून खुपायचं. नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावतो. हातात पाना दिला तर आधी तो पुसून घेतो. पण गाडी सुटताना त्याचा पाय अचूक पडतो, हे मान्य करायला हवं.

अकरा वर्षं त्याची वेळ बारावर काहीतरी येत होती. आता हा हंगाम संपला की ती पट्टी उखडून तिथे गोदामं बांधणार होते. म्हणजे नाव लागलं तर यंदा, नाहीतर कधीच नाही.

मी जुन्या दोन दारांच्या स्पोर्ट्स कारला मोठा टर्बो बसवला, एक्झॉस्टचा पाइप रुंद केला, मागे मऊ रबराचे टायर चढवले. बारा पॉइंट पंचवीस. इंजिनाला याहून जास्त पिळलं असतं तर त्याने मान टाकली असती. मग उरलं फक्त वजन. पन्नास किलो कमी केले की साधारण एक दशांश सेकंद वाचतो, हा आमच्या धंद्यातला ठोकताळा.

गॅरेजच्या कोपऱ्यात भंगारातून आणलेला वजनकाटा आहे. गाडीतून काढलेली प्रत्येक वस्तू आधी त्याच्यावर, मग खडूने भिंतीवर, हा माझा नियम. मागची सीट एकोणीस. जादा चाक आणि जॅक एकवीस. गालिचा आणि त्याखालचे आवाज अडवणारे थर पंचवीस. एसी आणि हीटर सव्वीस. बाकी बारीकसारीक मिळून एकोणीस. अगदी बोनेट उघडल्यावर लागणारा दिवासुद्धा मी सोडला नाही. हाताला एखादा सैल स्क्रू लागला तरी मला आनंद व्हायचा.

चालकाशेजारची सीट तेवढी मी ठेवली. सतरा किलो.

"ही?" नवऱ्याने विचारलं होतं.

"समतोलासाठी लागते," मी म्हटलं. त्याने मान डोलावली. समतोल वगैरे काही नव्हता. पट्टीवर जाता-येता मी त्या सीटवर बसते, अकरा वर्षं बसत आले आहे आणि मला मागून बसने जायचं नव्हतं.

एकशे दहा किलो उतरले. माझ्या हिशेबाने वेळ बारा पॉइंट शून्य तीन यायला हवी होती. आली शून्य एक. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. म्हटलं, बाई, तुझं काम तुझ्या गणितापेक्षाही सरस आहे. त्याच आठवड्यात नवरा पट्टा घेऊन गॅरेजमध्ये आला. पँट उतरते म्हणाला, एक भोक वाढवून दे. मी हातातलं काम न सोडता ड्रिलने भोक पाडून दिलं. "वय झालं तुझं, कंबर सुटायच्या ऐवजी आत चालली," असं वर चिडवलंही. तो हसला आणि पट्टा पुसून घेऊन गेला.

शून्य एकवर गाडी अडली ती अडलीच. भिंतीवरची यादी मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. काढण्यासारखं आता एकच उरलं होतं, आणि ते घरी माझ्यासमोर बसून जेवायचं. नवरा शहाण्णव किलोंचा, मी चौपन्नची. मी चालवली तर गाडी बेचाळीस किलोंनी हलकी, आणि वेळ बाराच्या आत. फळ्यावर नाव माझं लागलं असतं, आणि ते मला नको होतं असं मी म्हणणार नाही. हे त्याला सांगायचं वाक्य मी तीन आठवडे घोळवत होते. हे बघ, चिडू नकोस, पण आकडे खोटं बोलत नाहीत, असं काहीसं. शेवटच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सांगायचं ठरवलं.

त्या शनिवारी दुपारी माझ्या हातातला एक बोल्ट पडून गडगडत काट्यामागे गेला. तिथे भिंतीला टेकवून मागची सीट उभी केली होती. ती बाजूला ओढली, तर तिच्यामागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, पेन्सिलने लिहिलेले आकडे दिसले. तारखा आणि वजनं. पहिला आकडा शहाण्णव पॉइंट दोन. मला वाटलं, एवढा जड भाग मी कधी काढला? खाली पंचाण्णव पॉइंट एक, मग त्र्याण्णव, नव्वद. काढून ठेवलेला भाग दर आठवड्याला हलका होतो, असं मी धंद्यात कधी पाहिलं नव्हतं. शेवटचा आकडा परवाचा होता. सत्त्याऐंशी.

अक्षर बारीक, सरळ रेषेत. चष्म्याचे नंबर लिहिणाऱ्याचं. सुरुवातीची तारीख मी मागची सीट काढली त्या मंगळवारची.

नऊ किलो, म्हणजे जवळपास दोन शतांश सेकंद. ज्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटली होती ते दोन शतांश. मी त्याला दोन महिने अर्धं ताट बाजूला सारताना बघत होते आणि दुकानातल्या कटकटीमुळे जेवण जात नसेल असं धरून चालले होते. गॅरेजमधल्या खिळ्याचं वजन मला तोंडपाठ होतं. हा माणूस मात्र मी लग्नातल्या आकड्यावर सोडून दिला होता.

रात्री जेवताना ते वाक्य ओठांवर आलंच नाही. लाज वाटत होती.

रविवारी प्रत्येकाला तीन फेऱ्या होत्या. पहिली बारा पॉइंट शून्य एक. दुसरी शून्य दोन. नवरा गाडी घेऊन परत आला, हेल्मेट काढलं आणि ते दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

"तिसरी तू मार," तो म्हणाला. "तू हलकी आहेस. मी कधीचं म्हणणार होतो, पण जीभ रेटत नव्हती."

मी तीन आठवडे घोळवलेलं वाक्य त्याने असं एका दमात बोलून टाकलं. हेल्मेट माझ्या हातात होतं. ते डोक्यावर चढवायला मला दोन सेकंदही लागले नसते.

"धर हे," म्हणून मी ते त्याला परत दिलं आणि माझ्या पिशवीतून पाना काढला. शेजारच्या सीटचे चार बोल्ट. तीन झटकन निघाले, चौथा गंजलेला, त्याने घाम काढला.

"अगं, समतोलाचं काय?"

"कसला समतोल? मला बसायला हवी होती म्हणून ठेवली. खोटं बोलले तुझ्याशी."

"माहीत होतं मला," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू बसने आली असतीस तर मला चुकल्यासारखं झालं असतं." एवढं बोलून त्याने सीटची दुसरी बाजू धरली. या वेळी आधी पुसली नाही. आम्ही ती उचलून गवतात नेऊन ठेवली.

मी तिच्यावर बसूनच तिसरी फेरी पाहिली. हिरवा दिवा लागला, मागचे टायर अर्धा क्षण घसरले आणि पकडले. बाकी सांगण्यासारखं काही दिसत नाही, बारा सेकंदांत काय दिसणार. पलीकडच्या टोकाला आकडे उजळले. अकरा पॉइंट अठ्ठ्याण्णव.

वेळ मोजणारे काका खोलीतून ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन बाहेर आले. फळा त्यांनी टेबलावर आडवा ठेवला आणि चालकाचं पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं, आडनावासकट, एकेक अक्षर नीट लावून. त्यांचा हात थोडा कापतो, त्यामुळे त्यांना वेळ लागत होता.

नवरा गाडी लावून आला. फळ्याकडे त्याने एकदा बघितलं, डोळे पुसले आणि गवतातल्या सीटवर बसला.

"खायला काय आणलंयस?" त्याने विचारलं.

मी दोन्ही डबे त्याच्या मांडीवर ठेवले. नावाचं शेवटचं अक्षर रंगवून होईपर्यंत त्याने त्याचा डबा संपवला आणि माझाही. मी शेजारी उभी होते, सीट एकच होती.