चादरीखालची खुर्ची

मी कमोडची खुर्ची बोलतेय. नाव ऐकून नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. छत्रीला, फळ्याला, जुन्या सायकलला आपली कहाणी सांगायचा आग्रह होतो. मला आजवर कुणी विचारलं नाही, म्हणून न विचारताच सांगते.

माझा जन्म नळ्या वाकवणाऱ्या एका कारखान्यात झाला. चार पाय, दोन हात, पाठीला टेकण, मधोमध झाकणाची बैठक आणि तिच्याखाली सरकवून काढता येणारं भांडं, एवढाच माझा थाट. तिथून मी श्रीरामपूरला कल्याणमामांच्या मेडिकल दुकानात आले. पुढच्या काचेत प्रोटीनचे डबे आणि गोरं करणारी मलमं, मी मात्र माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. गिऱ्हाईक मला मागायचं तेसुद्धा कसं, तर आजूबाजूला कोणी नाही हे बघून आणि आवाज खाली आणून. जे सगळ्यांनाच रोज करावं लागतं, त्याची माणसांना एवढी चोरी का वाटते, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

देवळाली प्रवराच्या एका मळ्यात लंकाबाई राहायच्या. उसाला पाणी धरताना सरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पट्टी बांधून घरी आल्या, पण संडास अंगणाच्या पार टोकाला, वर पायऱ्या. लंकाबाईंची सून सविता ही कल्याणमामांची बहीण. मामांनी टेम्पोबरोबर मला पाठवून दिलं. दुकानात ते गल्ल्यावर आणि मी माळ्यावर, त्यामुळे तशी आमची नीट ओळख कधी झालीच नव्हती.

मला पुढच्या खोलीत लंकाबाईंच्या पलंगाशेजारी जागा मिळाली. आयुष्यभर घराचा भार ओढलेली ही बाई, पहिल्या दिवशी माझ्यावर बसताना पदर तोंडात धरून रडली. दुखण्यापेक्षा तिला लाजच जास्त वाटत होती. तिचा मुलगा भागवत माझं झाकण वाजलं की उठून थेट गोठ्यात जायचा. त्या महिन्यांत त्याच्या गाईंची जेवढी बडदास्त झाली तेवढी पुन्हा कधी झाली नसेल.

सविता सकाळी भांडं स्वच्छ करायची. दुपारी ती रानात गेली की ते काम नात सृष्टीवर यायचं. सृष्टी बारावी सायन्स करून निकालाची वाट बघत घरी बसली होती. पहिल्याच दिवशी पोरीने श्वास कोंडून भांडं उचललं, कसंबसं रिकामं केलं आणि चिंचेखाली जाऊन भडाभडा ओकली. मी ते ऐकलं. तिला वाटलं, कोणीच ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून लंकाबाईंनी चहा सोडला. पाणी नको, ताक नको. "न्हाई गं बाई, तहानच न्हाई," म्हणायच्या. ओठ फुटले, लघवीला आग व्हायला लागली. तपासणीला नेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पितात? घरी येऊन सृष्टी पलंगाच्या कडेला बसली.

"आजी, पानी का पीत न्हाईस?"

"तुला वकारी येती. ऐकलंय मी."

पोरीने तांब्या उचलून तिच्या हातात दिला.

"येऊ दे. तू पी."

त्या दिवसापासून पोरीने आपली एक रीत बसवली. जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. आजीची वेळ झाली की टीव्हीचा आवाज वाढवायची, म्हणजे दुसऱ्याला काही ऐकू जायला नको. आधी आजीचे हात आपल्या खांद्यावर, मग चांगला पाय जमिनीवर, मग सावकाश उठणं आणि वळणं. ऑपरेशन झालं त्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंनी हे तिला करून दाखवलं होतं. माझे पाय भिंतीला टेकवून ठेवायचे, हे मात्र ती एकदा मी सरकले तेव्हा शिकली. लंकाबाई हळूहळू बोलू लागल्या. बसल्या बसल्या माहेरच्या, नेवाशाच्या गोष्टी सांगायच्या आणि सृष्टी पडद्याबाहेरून हुंकार द्यायची.

तेवढ्यात निकाल लागला आणि घरात एकच विषय सुरू झाला. सृष्टीने फार्मसीची सीईटी दिली होती आणि नर्सिंगचीही. दोन्हीकडे नंबर लागण्यासारखा होता. मामांचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत रमला होता, तो काही दुकानाकडे वळणार नव्हता. तेव्हा भाचीने फार्मसी करावी आणि आयतं चालतं दुकान तिने बघावं, असं मामांच्या मनात. यात वाईट काहीच नव्हतं. मामा पोरीवर माया करणारा माणूस.

खरी अडचण सृष्टीच्याच पोटात होती. एका दुपारी लसूण सोलता सोलता ती आईला म्हणाली, "मला नर्सिंगला जावंसं वाटतं. पण मला अजून किळस येते गं. मी कसली नर्स होणार? फार्मसीच बरी."

सविता म्हणाली, "मग तसंच करू. मामा येतील तवा सांगून टाक."

मला काय वाटलं सांगू? माझ्या चारी पायांनी ओरडावंसं वाटलं. किळस कोणाला येत नाही? भागवतलाही येत होती, तो गोठ्यात जायचा. हिलाही येत होती, पण ही आत यायची. एवढा साधा फरक त्या पोरीला स्वतःचा स्वतःला दिसत नव्हता, आणि मला तर वाचा नाही.

आमच्याकडे पोराला कुठल्या लाईनीला घालायचं हे घरात ठरत नाही. नात्यातला एखादा चार पुस्तकं शिकलेला, शहरात राहणारा माणूस जेवायला बोलवायचा, त्याला सगळं सांगायचं आणि तो म्हणेल ते खरं. आषाढाचा शेवटचा रविवार होता. पुढे श्रावण लागला की मटण बंद, म्हणून कल्याणमामांना आखाडाचं जेवण सांगितलं. कॉलेजची पसंती दुसऱ्या दिवशी सायबर कॅफेत जाऊन भरायची होती.

पाहुणे येणार म्हटल्यावर सविता मला नेहमी आतल्या खोलीत ढकलायची. त्या दिवशी आत पातेली, परात, वाटण यांनी पाय ठेवायला जागा नव्हती. मग तिने माझ्यावर फुलाफुलांची चादर टाकली, टेकणाला उशी लावली आणि मला कोपऱ्यात सारलं. मी खरंच छान दिसत होते. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या शेजारच्या साखरपुड्याला गेलेल्या, त्या अजून परत आल्या नव्हत्या.

मामा आले. पाय धुतले, आत आले. त्यांचे गुडघे दुखतात, खाली सतरंजीवर बसणं होत नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर आली.

"अरे वा, ही भारी खुर्ची कवा घेतली?" म्हणत त्यांनी मला मधोमध ओढलं आणि ऐसपैस बसले.

सविता चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली. भागवत पंख्याकडे बघू लागला. सांगणार कोण आणि कसं? पाहुण्याला, त्यात बायकोच्या मोठ्या भावाला, तुम्ही कशावर बसलात हे तोंडाने सांगायचं म्हणजे त्याच्या तोंडावर पाणी मारण्यासारखं. मी दुकानात ज्यांच्या नजरेलाही पडले नव्हते, त्यांना आता मीच उचलून धरलं होतं. खोटं कशाला बोलू, मला गंमत वाटली.

मामा रंगात आले. "नर्सिंगचं डोक्यातून काढून टाक बाळ. रात्रपाळ्या, लोकांची घाण काढायची, वर कोन मान देत न्हाई. उद्या सोयरिकीला बसलो की काय सांगायचं? फार्मसी कर. काउंटरला बसायचं, पंख्याखाली."

सृष्टी खाली मान घालून उभी होती. तिचे ओठ हलले. ती हो म्हणणार हे मला दिसत होतं.

तेवढ्यात पलंगावर लंकाबाईंनी पदर तोंडाशी नेला. सकाळपासून नातीने आग्रह करकरून पाणी पाजलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा मामांकडे, आणि डोळे मिटून घेतले. कपाळाला घाम आला. घरातल्या कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. सृष्टीच्या आलं.

"मामा, जरा उठता का? आजीला जायचंय."

"जाऊ दे की. कुठं जायचंय त्यांना?"

"तुमी बसलात तिथं."

मामांनी चादरीचं एक टोक उचललं, खाली पाहिलं आणि गुडघे दुखत नसल्यागत उठले. सृष्टी थांबली नाही. "आई, ट्रे खाली ठेव आनि पडदा ओढ. बाकीच्यांनी जरा ओट्यावर बसा." तिचा आवाज चढला नव्हता, पण भागवत आणि मामा दोघंही शाळेतल्या पोरांसारखे बाहेर गेले. चादर निघाली, माझे पाय भिंतीला टेकले, आजीचे हात खांद्यावर आले. वेळेत झालं.

लंकाबाई बसल्या आणि थोड्या वेळाने हसायलाच लागल्या, सगळं अंग गदगदा हलत होतं. "कल्यानरावाला उठवलंस व्हय गं," म्हणाल्या, आणि हसता हसता नातीचा हात घट्ट धरून ठेवला.

जेवताना मामांनी रस्सा दोनदा वाढून घेतला. हात धुतल्यावर ओट्यावरून त्यांनी विचारलं, "तुला किळस येत न्हाई का गं?"

"येते."

"मग?"

"येते आनि जाते. आजीची लाज जात न्हाई, तिच्याकडं आधी बघावं लागतं."

हे बोलली आणि स्वतःच दचकल्यासारखी झाली. मला वाटतं तिला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. मामांनी सुपारी कातरली, तोंडात टाकली. "दुकानात काय, मानूस ठेवता येतो," म्हणाले, आणि पायात चपला सरकवल्या.

दुसऱ्या दिवशी भागवतने मोटारसायकल काढली, पोरीला सायबरमध्ये नेऊन आणलं, पसंती नर्सिंगची भरली. पण कोणी विचारलं की सांगायचा, "मेडिकल लाईनला हाय." त्यापुढे शब्द नाही. पोरगी घरी आली की तो डोळे भरून बघायचा, पण तिच्या शिक्षणाचं नाव त्याच्या जिभेवर येत नसे. मला याचं दुःख व्हायचं, आणि सृष्टीलाही होत असणार.

आता ती नगरला दुसऱ्या वर्षाला आहे. लंकाबाई वॉकर धरून अंगण ओलांडतात, त्यांना माझी गरज उरली नाही. यापेक्षा चांगली गोष्ट माझ्यासारखीच्या आयुष्यात होत नाही. मी गोठ्याच्या आडोशाला धूळ खात उभी होते.

परवा शेजारच्या वस्तीवरच्या सूर्यभानतात्यांना लकवा झाला. त्यांच्या मुलाचा फोन आला, खुर्ची न्यायला अंधार पडल्यावर येतो म्हणाला. भागवतने फोन ठेवला आणि काय मनात आलं कोण जाणे, मला नळाखाली घेतलं. साबण लावून स्वतःच्या हाताने घासलं, भांडंसुद्धा. मग खांद्यावर टाकून भर सकाळी निघाला. वाटेत दूध डेअरी, कॅन घेऊन उभी असलेली सगळी मळेकरी मंडळी.

"भागवत, काय घेऊन चाललास रं?"

"आईची संडासची खुर्ची. तात्याला लागतीय."

कोणीतरी हसलं. कोणीतरी विचारलं, "पोरगी काय करती आता? मेडिकल लाईनला ना?"

भागवत थांबला. मला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"नर्सिंग करती. आजारी मानसाला उठवती, बसवती, त्याची घान काढती. माझ्या आईचं तिनंच केलं. मला न्हाई जमलं."

बोलला आणि चालू लागला. मी त्याच्या खांद्यावर होते, म्हणून सांगू शकते, त्याने मला आता आधीपेक्षा घट्ट धरलं होतं. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरचं पोर हे शिकायला निघालं, तर ते काय शिकतंय हे चारचौघांत नाव घेऊन सांगा. त्याला त्याची फार गरज असते. आता पुरे करते. सूर्यभानतात्या मघापासून कूस बदलतायत आणि हाक मारायला लाजतायत.