शेवटचा एक, पूर्ण ताकदीने

बाबा गेले त्याच्या आदल्या सकाळी हॉलमध्ये सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. हॉल म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याचा तळमजला. मधोमध रिंग, कडेला चार बॅगा, भिंतीला लागून एक लांब बाक. बाबांचा घरी राहिलेला चष्मा द्यायला मी कामावर जाता जाता थांबले होते. रिंगमध्ये बाबा दोन्ही हातांत पॅड धरून आकडे ओरडत होते आणि माझी धाकटी बहीण त्या त्या आकड्याचा ठोसा मारत होती.

"तीन! अगं, तीन म्हणालो, वर्तमानपत्र वाचायला नाही सांगितलं. डावखुरी तुला एवढा वेळ देणार नाही, ती काय तुझी मावशी आहे?"

डावखुरी म्हणजे धाकटीची प्रतिस्पर्धी. चार महिन्यांपूर्वी तिला हरवून धाकटी चॅम्पियन झाली होती, पण तिघांपैकी एका पंचाने कौल डावखुरीला दिला होता. म्हणून पुन्हा सामना ठरला. त्याला सात आठवडे उरले होते. बाबा धाकटीचे कोच. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच, आणि त्यांतले दोघं सकाळभर मारामारी करत असत.

त्यांचा एक रिवाज होता. सराव संपला की बाबा पोटाला जाड चामड्याचं पॅड बांधायचे, पाय रोवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "शेवटचा एक, पूर्ण ताकदीने." धाकटी एकच ठोसा मारायची. बारा वर्षांची होती तेव्हापासून, रोज. नीट बसला तर बाबा म्हणायचे, "पोचला." यापलीकडे कौतुक नाही.

त्या दिवशी ठोसा जरा वर बसला. बाबा एक पाऊल मागे सरकले, "पोचला" म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

"म्हातारा झालो," ते धापा टाकत म्हणाले.

"बातमी जुनी आहे," काका म्हणाले. काका बाबांचे दोस्त. सामन्यात खेळाडूंच्या जखमा पुसणं हे त्यांचं काम.

धाकटी हसली. मी हसले नाही. चार दिवसांपूर्वी मी बाबांबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. जिना चढताना छातीत दुखतंय, असं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, आजच दाखल व्हा. बाबा बाहेर आले, बुटांच्या नाड्या उगाच पुन्हा बांधल्या आणि म्हणाले, "सामना होऊ दे. धाकटीला कळलं तर ती माझ्यावर हात उचलणार नाही, आणि तिथेच हरेल. तू बोलायचं नाहीस. शब्द दे."

मी शब्द दिला. पुस्तकांची मुद्रितं तपासणं हा माझा व्यवसाय. दुसऱ्याची चूक दिसली की मला गप्प बसवत नाही. पण तिथे गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना बाबा बेसिनपाशी कोसळले. इस्पितळात नेलं तेव्हा काही उरलं नव्हतं.

त्यानंतर धाकटीने सराव टाकला. दोन आठवडे झाले, तीन झाले. पेपरात आलं, यश डोक्यात गेलं. वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात मला म्हणाली, "जाहिरातीत चेहरा झळकला ना, आता घाम कशाला गाळेल?" मला राग धाकटीचाच येत होता, आणि तो इतका आयता होता की मी तो सोडायला तयार नव्हते. ज्या सामन्यासाठी बाबांनी जीव पणाला लावला, तो ही अंथरुणात लोळून घालवत होती.

एका सकाळी मी तिची चादर ओढली. "उठा, चॅम्पियन बाई."

"ताई, तू जा ना कामाला."

"डावखुरी पहाटे पाचला धावते म्हणे."

"धावू दे. तब्येतीला चांगलं असतं."

मी दार आपटून गेले. दिवसभरात चुका राहिलेली चार पानं छपाईला गेली.

सामन्याला तीन आठवडे उरले असताना काकांचा फोन आला. "मोठे, दुपारी ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ. धाकटी तुला सांगू नका म्हणाली आहे, पण आता माझ्याच्याने बघवत नाही."

धाकटी रिंगमध्ये होती. म्हणजे मी कामावर गेले की ती इथे येत होती. हातांना पट्ट्या होत्या, ग्लोव्ह्ज होते. काकांनी पॅड धरले होते. ते आकडा ओरडत आणि ती पॅडला नुसती शिवत होती.

"अगं, थोपटतेस काय?" काका म्हणाले. "मला झोपवायचंय का?"

पुन्हा तेच. मारायला हात निघायचा आणि वाटेतच मरायचा.

मी चपला न काढता दोरांमधून आत शिरले.

"दहा वर्षं त्यांनी तुझा मार खाल्ला, तो यासाठी?"

ती थबकली. मग दातांनी ग्लोव्हची गाठ सोडत अगदी हळू म्हणाली, "हो, खाल्ला. शेवटचाही खाल्ला. तू होतीस की तिथे. वर बसला तो, पॅडच्या वर, छातीत. मला आवाजावरूनच कळलं. रात्री जेवताना ते छाती चोळत होते आणि मी विचारलंसुद्धा नाही. मी मारलं त्यांना, ताई. आता हात पुढे केला की तोच आवाज येतो."

काकांनी पॅड खाली केले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मलाही माहीत नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. बाबा गेल्याच्या तिसऱ्याच दिवशी ती आपल्या मुठीकडे बघत बसलेली मी पाहिली होती. समजून घेतलं असतं तर मला तोंड उघडावं लागलं असतं. त्यापेक्षा तिला आळशी म्हणणं सोपं होतं. बाबांनी आम्हाला कामं वाटून दिली होती: तिने मारायचं, मी गप्प बसायचं. आणि ते मोकळे झाले होते.

काका दोर उचलून खाली उतरायला लागले.

"थांबा काका, तुम्हीही ऐका," मी म्हणाले. "धाकटे, तुझ्या ठोशाने नाही गेले ते. त्याआधी चार दिवस डॉक्टरांनी त्यांना दाखल व्हायला सांगितलं होतं. मी बरोबर होते. तुला सांगू नकोस म्हणाले, मी नाही सांगितलं. ते गेल्यावर मी त्या डॉक्टरांना मुद्दाम जाऊन विचारलं, ठोशामुळे झालं का? ते म्हणाले, नाही, उशीर केलात म्हणून झालं."

"तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आणि मी मारत असताना तू तिथे उभी होतीस?"

"उभी होते. चष्मा द्यायला आले होते, देऊन निघून गेले. त्याबद्दल तू मला काय हवं ते बोल, मी ऐकेन. पण त्यांनी तुला न सांगता तुझ्यासमोर उभं राहायला नको होतं. दोघींचं वाटोळं केलं त्यांनी, एका सामन्यासाठी. मला बाबांचा राग येतो. फार राग येतो, रोज येतो, आणि ते नाहीत म्हणून तो मी तुझ्यावर काढत होते."

धाकटीने सोडलेली गाठ दातांनी पुन्हा आवळली आणि काकांकडे वळून म्हणाली, "पॅड धरा. शेवटचा एक, पूर्ण ताकदीने."