ट्रॉलीची खोळ

मोठ्या सिस्टरांचा उघड्या वस्तूंवर विश्वास नव्हता. घरात मिक्सरला खोळ, शिलाई मशीनला खोळ, टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी. पोस्टातून निवृत्त होऊन घरी बसलेले त्यांचे मिस्टर म्हणायचे, "मलाही एक शिवून टाक. धूळ बसायला लागलीय."

"हलत राहा, म्हणजे बसणार नाही," सिस्टर म्हणायच्या.

तेव्हा त्यांच्या आरोग्य केंद्रात आपत्कालीन ट्रॉली आली, त्याच दिवशी तिचं माप घेतलं गेलं, यात नवल ते काय! छान लाल ट्रॉली होती. खालच्या कप्प्यात प्राणवायूचा छोटा सिलिंडर, वर मास्क, श्वास देण्याची दाबायची पिशवी, इंजेक्शनं, कात्री, सगळं जिथल्या तिथे. सिस्टरांनी तिला जाड निळ्या कापडाची खोळ शिवली, दोन्ही बाजूंना बंद लावले आणि त्या बंदांना स्वतःची खास गाठ मारली. केंद्रातल्या कात्र्यांना पाय फुटतात, हा त्यांचा जुना अनुभव होता. या गाठीपुढे भल्याभल्यांनी हात टेकले, आणि ट्रॉली कायम नव्यासारखी राहिली.

आपत्कालीन सरावही व्हायचे, नाही असं नाही. तारीख आधी कळायची. त्या दिवशी सिस्टर लवकर येऊन गाठी सोडायच्या, खोळ घडी करून कपाटात टाकायच्या आणि ट्रॉली दाराशी सज्ज ठेवायच्या. मग रबरी बाहुला आजारी पडायचा, सगळे धावायचे, बाहुला वाचायचा आणि केंद्राला शाबासकी मिळायची. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं, तसा हा प्रकार. यात काही चुकतंय असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मग नवी डॉक्टर आली. बोलायला गोड, पण डोक्यात सतत काहीतरी शिजत असलेली. आल्या आल्या तिनं दर शनिवारी वाचनालयाच्या खोलीत लोकांना प्रथमोपचार शिकवायला सुरुवात केली. माणूस कोसळला तर काय करायचं, भाजलं तर काय लावायचं आणि मुख्य म्हणजे काय लावायचं नाही. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे तिचं आवडतं वाक्य. सिस्टर मनात म्हणायच्या, आमची विहीर कधीच खणून झालीय बाई, तू तुझं बघ.

एके दुपारी सिस्टर लसींच्या फ्रिजचं तापमान बघत होत्या. तेवढ्यात बाहेर धप्प आवाज झाला आणि साफसफाईवाल्या मावशी ओरडल्या, "सिस्टर, धावा! माणूस पडला दारात!"

सिस्टर धावल्या. आधी त्यांना चौकड्यांचा शर्ट दिसला. सकाळी त्यांनीच इस्त्री केलेला. मग तिरका झालेला चष्मा दिसला.

"अहो!"

उत्तर नाही. डोळे मिटलेले. आयुष्यभर दुसऱ्यांची माणसं सावरणारी बाई स्वतःच्या माणसाशेजारी बसून नुसत्या हाका मारत राहिली. मग त्या उठल्या, ट्रॉलीकडे धावल्या आणि समोर ती गाठ. त्यांचीच. एरवी चुटकीसरशी सोडायच्या, पण आज ओढली तशी ती आणखी आवळली.

"ओढू नका, घट्ट बसतेय!" मावशी म्हणाल्या आणि स्वतःच ओढू लागल्या.

सिस्टरांनी दात लावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यात बंद भिजला आणि भिजून आणखी चिवट झाला. सकाळी आपण शेवटचं काय बोललो, तर चहाचा कप तरी विसळा. एवढंच. त्यांना स्वतःचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.

"सराव थांबवा!"

दारात डॉक्टर उभी होती, हातात घड्याळ घेऊन. आणि मिस्टर उठून बसले होते, चष्मा सरळ करत.

"अगं, मी ठीक आहे. सराव होता."

"तुम्ही ओळखता यांना?" डॉक्टरनं विचारलं आणि सिस्टरांचा चेहरा बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. "हे तुमचे... अहो, हे माझ्या शनिवारच्या वर्गातले काका. पेशंट कोण होणार विचारलं, तर यांनीच पहिला हात वर केला. मला खरंच माहीत नव्हतं."

"मला वाटलं, बघून हसशील," मिस्टर म्हणाले. "तूच म्हणालीस ना, हलत राहा. म्हणून वर्गाला जायला लागलो. सांगितलं नाही, कारण तू म्हणाली असतीस, आधी कप विसळा."

सिस्टर हसल्या नाहीत. डॉक्टरनं पुन्हा पुन्हा माफी मागितली. पण ती डॉक्टर होती, त्यामुळे खालच्या आवाजात का होईना, पुढचंही बोलली. "विहीर आहे सिस्टर, पण झाकणाला कुलूप आहे. आणि नाडी कुणीच पाहिली नाही."

मावशींनी खाली बघितलं. सिस्टरांनी आधी डॉक्टरकडे असं पाहिलं की आता हिची धडगत नाही. मग नवऱ्याकडे. मग त्या निळ्या खोळीकडे.

"हे खरंच पडले असते," त्या म्हणाल्या, "तर माझ्या गाठीनं गेले असते."

मावशींनी ड्रेसिंगच्या खोलीतून मोठी कात्री आणली. सिस्टरांनी सगळे बंद कचाकच कापले, खोळ ओढून काढली आणि दारात फरशीवर अंथरली.

"पडा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

"काय?"

"परत पडा. यावर पडा, लागणार नाही."

मिस्टर पडले. छातीवर हात ठेवून, मोठा उसासा टाकून. "नाटक नको, नुसतं पडा," असं सिस्टरांकडून ऐकून पुन्हा पडले. एकदा मावशींनी मास्क उलटा धरला, एकदा ट्रॉलीचं चाक उंबऱ्याला अडलं. बाकांवर बसलेले पेशंट आपले आजार विसरून सूचना देऊ लागले. "अहो, माझे गुडघे," मिस्टर कुरकुरले. "बेशुद्ध माणसाचे गुडघे दुखत नाहीत," असं मावशींनी त्यांना गप्प केलं.

अखेर एकदाचं जमलं. हाक मारली, श्वास पाहिला, नाडी पाहिली, ट्रॉली आली, मास्क लागला. डॉक्टरनं घड्याळ बघितलं आणि आनंदानं टाळी वाजवली. "उत्तम! उठा काका."

मिस्टर उठायला लागले, पण त्यांचं मनगट कुणीतरी धरून ठेवलं होतं.

"अगं, संपला सराव."

"संपला असेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांची बोटं नाडीवरून हलली नाहीत. "पडून राहा. मला मोजू द्या."