पंचेचाळीस पट

पावडर पळीवरून साखरेसारखी सरसर ओघळली आणि देवाप्पाचा हात हवेतच थांबला.

त्यानं पळी पुन्हा डब्यात घातली, उचलली, तिरकी केली. पुन्हा तेच. सेलेनियमची पावडर अशी ओघळत नाही. ती चुनखडीत मिसळून आलेली असते, पळीला चिकटते, टिचकी मारून पाडावी लागते. एकवीस वर्षं तो ती टिचकी मारत आला होता. आज सकाळी पहिला घाणा मिक्सरमध्ये टाकताना मात्र ती मारावी लागली नव्हती. हाताला तेव्हाच कळलं होतं. पण ट्रक दारात उभा होता, बाहेरून हाका येत होत्या, आणि त्यानं मनातली शंका झटकून टाकली होती.

बोम्मसंद्र्यातल्या या कारखान्यात गायींसाठी खनिज मिश्रण तयार व्हायचं. कॅल्शियम आणि फॉस्फरस त्यात पोत्यांनी पडायचं. तांबं, जस्त, कोबाल्ट, आयोडीन, सेलेनियम मात्र ग्रॅमांत. ही ग्रॅमांतली वजनं निपाणीकडून आलेला देवाप्पा करायचा. काट्यावरचे मोठे लाल आकडे त्याला दिसत. बारीक अक्षरं मात्र दीड वर्षापासून पुसट होत होत अलीकडे पार नाहीशी झाली होती. डोळ्याच्या पडद्याचं दुखणं, चष्म्यानं सुधारणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुठला डबा कुठल्या फळीवर हे त्याला पाठ होतं, आणि तेवढ्यावर तो निभावत होता.

डबा छातीशी धरून तो प्रयोगशाळेत गेला. केमिस्ट शिल्पाश्री जेवणाचा डबा उघडायच्या बेतात होती. बनशंकरीत चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरातली ही मुलगी आणि तो, एवढी दोघंच अख्ख्या कारखान्यात मराठी बोलत.

"शिल्पाक्का, ह्यावर काय लिवलंय, वाचा जरा."

"सेलेनाईट. शुद्ध." तिनं मान वर केली. "का मामा?"

"एक टक्कावालं न्हाई?"

"ते बंद केलं की. आता शुद्ध मागवतो, मी इथं मिसळून देणार. नोटीस लावली होती मंगळवारी. तुम्ही सही पण केलीत." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. "मामा, सकाळी कुठल्या डब्यातलं घातलंत?"

त्यानं डबा टेबलावर ठेवला. "ह्यातलंच."

तिनं कागदावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. "यात सेलेनियम पंचेचाळीस टक्के. पंचेचाळीस पट," ती म्हणाली. "गायींचे खूर सुटतील मामा. गाभण असेल ती वासरू टाकेल."

सकाळच्या घाण्याच्या हजार पिशव्या अकरालाच आनेकलकडच्या एका दूध सोसायटीकडे निघाल्या होत्या. दोन वाजता तिथं वाटप होतं. आता सव्वा वाजला होता.

मॅनेजर अनिलकुमार जेवत होते. सगळं ऐकून त्यांनी जेवणाचा डबा बाजूला सारला. कन्नडमध्ये म्हणाले, "आधी नमुना तपासू. दोन दिवसांत रिपोर्ट येईल. उगाच फोन केला तर उद्या सगळ्या सोसायट्या माल परत पाठवतील."

"सर, दोन दिवसांत ते गोठ्यागोठ्यात जाईल," शिल्पाश्री म्हणाली.

"चुकीचं पडलंय याची खात्री काय? हे एकवीस वर्षं वजन करतायत. लेबल न वाचता टाकतील?" ते देवाप्पाकडे वळले. "सकाळी वाचलं होतंत ना?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट दोन दिवस पुढे ढकलली गेली असती. कदाचित नवा डबा त्या फळीवर ठेवणाऱ्या स्टोअरवाल्यावर गेली असती. देवाप्पानं टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई वाचलं. मला वाचता येईना झालंय, सर. दीड वर्ष झालं. नोटीसवर सही केली ती बी न वाचताच."

अनिलकुमारांनी टेबलावरचं पत्र उचलून त्याच्यासमोर धरलं. देवाप्पानं त्याच्याकडे पाहिलं. पांढऱ्यावर करड्या मुंग्या चालल्यासारखं काहीतरी हललं.

"दिसत न्हाई," तो म्हणाला.

अनिलकुमारांनी पत्र खाली ठेवलं आणि फोन उचलला. ड्रायव्हर योगीराज फोन घेईना. सोसायटीच्या सेक्रेटरीचा सारखा बिझी लागत होता. तिसऱ्या खेपेला शिल्पाश्रीनं स्कूटरची किल्ली घेतली. "मामा, चला."

होसूर रोडवर कंटेनरांची रांग लागली होती. ती सर्व्हिस रोडनं, मग गल्ल्यांतून निघाली. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं. मालगाडी येता येईना. देवाप्पा मागे बसून तिच्या फोनवर तेच एक बटण दाबून सेक्रेटरीचा नंबर पुन्हा पुन्हा लावत होता. फाटक उघडलं तेव्हा दोनला पाच मिनिटं होती.

सोसायटीसमोर बायकांची रांग लागली होती. वाटप वेळेआधीच सुरू झालं होतं. शिल्पाश्री स्कूटर तशीच आडवी टाकून ओरडली, "थांबवा! पिशव्या फोडू नका!" क्षणभर कुणालाच काही कळेना. मग सेक्रेटरी पुढे आला, त्यानं ऐकलं, आणि देवळावरच्या कर्ण्यावरून गावाला सांगितलं. सतरा पिशव्या गेल्या होत्या. अर्ध्या तासात सोळा परत आल्या. कुणी चिडून फेकल्या, कुणी घाबरून हात पुशीत दिल्या.

"एक राहिली," सेक्रेटरी म्हणाला. "पुष्पावती. तळ्याच्या कडेला घर आहे. कर्णा तिथं ऐकू जात नाही."

स्कूटर तळ्याच्या बांधापर्यंत गेली. पुढे देवाप्पा धावला. पाय अडखळले, एकदा गुडघ्यावर पडला, उठला. गोठ्यात साठीची एक बाई टोपल्यातलं भुस्सा-मिश्रण हातानं कालवून नुकतीच बाजूला झाली होती आणि काळी-पांढरी गाय टोपल्यात तोंड घालत होती. गाय गाभण होती. पोट खाली उतरलेलं. देवाप्पानं काही न बोलता टोपलं तिच्या तोंडाखालून ओढलं. गायीनं मुसंडी मारली. तो भिंतीवर आदळला, पण टोपलं सोडलं नाही.

"अय्यो, कोण रे तुम्ही?" पुष्पावती किंचाळली.

मराठी ऐकून शिल्पाश्री चमकली; घाबरल्यावर बाईच्या तोंडून घरची भाषा निघाली होती. "अक्का, ते घालू नका. किती खाल्लं तिनं?"

"आत्ताच तर ठेवलं. दोन घास. गाभण राहायला दोन वर्षं लागली हिला. डॉक्टरनं सांगितलं, खनिज कमी आहे, म्हणून रांगेत पहिली उभी राहिले मी. आता काय विष म्हणता?"

"कारखान्यात स्वल्प गडबड—"

"गडबड न्हाई," देवाप्पा म्हणाला. "मी केलं, अक्का. वजन माझं चुकलं. मला दिसत न्हाई, ते मी लपवलं."

पुष्पावतीनं मूठ आवळली. मग ती गायीकडे वळली. "हिला काही होईल?"

"दोन घासांनी नाही होणार," शिल्पाश्री म्हणाली. "तरी आज डॉक्टर येऊन बघतील. आणि तुम्ही आधी साबणानं हात धुवा."

देवाप्पानं टोपल्यातलं सगळं पिशवीत भरलं. जमिनीवर सांडलेलंही मातीसकट खरवडून घेतलं. टोपलं तीन पाण्यांनी घासलं, मग कोपरापर्यंत हात धुतले. तोवर शिल्पाश्रीचा फोन वाजला. ती बांधाकडे जाऊन बोलली आणि परत आली.

"काय म्हणाले सर?" देवाप्पानं विचारलं.

"बाकीचा माल अडवलाय. सगळा परत येतोय. मामा, उद्यापासून वजनाच्या खोलीत तुम्ही..."

"सरी," देवाप्पा म्हणाला. "बरोबर हाय ते."

तो गव्हाणीला टेकून उभा राहिला. धावल्यानं आलेला घाम अजून मानेवरून, दंडावरून निथळत होता. गायीनं मान लांब केली, त्याचा हात हुंगला आणि खरखरीत जिभेनं मनगटापासून दंडापर्यंत चाटू लागली. पुष्पावतीनं तिला ओढायला दावं धरलं.

"असू दे," तो म्हणाला. "हिला मीठ कमी पडतंय, अक्का. घरातलंच घाला. साधं. सकाळी अर्धी मूठ, संध्याकाळी अर्धी."

पुष्पावतीनं दावं सैल सोडलं. गायीचं चाटून होईपर्यंत देवाप्पानं हात हलवला नाही.