एक जूनचा जन्म

हंबीरराव चौगुल्यांनी जन्मात ट्रॅक्टरच्या सीटला बूड टेकवलं नव्हतं, तरी त्यांच्या क्रेडिट रिपोर्टात ट्रॅक्टरचं थकलेलं कर्ज ठाण मांडून बसलं होतं. राधानगरीतल्या पिठाच्या गिरणीला नवी मोटर घ्यायची म्हणून ते कोल्हापूरच्या बँकेत गेले, तेव्हा हे कळलं. कर्ज याच बँकेच्या गडहिंग्लज शाखेचं, दुसऱ्याच हंबीरराव चौगुल्यांचं. नाव तेच आणि जन्मतारीखही तीच, १ जून १९६८.

त्यांनी दोनदा तक्रार केली. दोन्ही वेळा कायद्याप्रमाणं तीस दिवसांत उत्तर आलं, ‘पडताळणी केली, नोंद बरोबर आहे.’ आज ते थेट बँकेच्या साहेबांसमोर उभे राहिले.

“माझं आधार बघा, पत्ता बघा की!”

“ट्रॅक्टरच्या जुन्या फायलीत नाव आन् जन्मतारीख एवढंच हाय.”

“अवो, ती तारीख गुरुजींनी घातलीया! आख्ख्या वर्गाला एक जूनच दिला. मी बेंदराचा हाय. बैलं मिरवून आली आन् मी झालो, आई सांगायची.”

“कागद हाय?”

“आई न्हाय आता, कागद कुठला?”

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पावणं, मी दसऱ्याचा. कागदावर एक जूनच. येत्या एकतीस मेला ह्या हापिसातनं आमी चौघं एकदमच रिटायर होणार.”

हंबीररावांच्या जिवात जीव आला.

साहेबांनी चष्मा चढवला, अर्ज पुढं ओढला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘जन्मतारीख जुळते. नोंद बरोबर.’