मनगट खरं बोललं होतं

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. डाव्या हाताचा. थंडीतला नाही आणि मोटारसायकलवाल्याचाही नाही. मी गोलकीपरचा हातमोजा. सध्या मी नंदुरबारला मिरची वाळवायच्या मैदानात, पथारीवर, कामाला आहे. दगूबाई नावाची बाई मला घालून वाळत्या लाल मिरचीचे देठ खुडते, म्हणजे निदान एका हाताची तरी आग होत नाही. देशासाठी पेनल्टी अडवलेल्या हातमोज्याची ही काय दशा, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो. आता म्हणत नाही. ज्या मनगटावर मी बसायचो त्याचं जे झालं, त्यापुढे माझं रडगाणं काहीच नाही.

माझा जन्म जालंधरच्या एका कारखान्यातला. तळव्याला मऊ रबर, पाठीला निळं कापड, बोटं मोडू नयेत म्हणून त्यांत प्लास्टिकच्या काड्या. माझा जोडीदार उजवा आणि मी एकाच पिशवीतून सुरतेच्या दुकानात आलो. तिथून नवनीत सरांनी आम्हाला उचललं. हे सर धानोऱ्याच्या शेजारच्या एका गावात हायस्कूलला खेळ शिकवायचे. त्यांनी आम्हाला एका काटकुळ्या पोरीच्या हातात दिलं. तिचं नाव काजल. दगूबाईची मुलगी.

पोरीनं पहिल्याच दिवशी काय केलं असेल? माझ्या तळव्यावर थुंकली. मला असा राग आला! जालंधरपासून मला कोणी अशी वागणूक दिली नव्हती. पुढे कळलं की रबर ओलं असलं की चेंडू सुटत नाही आणि सगळेच गोलकीपर असं करतात. मग मीच तिच्या थुंकीची वाट बघू लागलो. सवय फार वाईट असते.

काजल वर्गात सगळ्यांत लहान दिसायची. दहावीतल्या मुलींच्या खांद्याला लागायची. पण उडी मारली की तिचे हात कुठून कुठे जायचे, ते मला त्याच हातावर असूनही कळायचं नाही. सुट्टीत ती आईबरोबर पथारीवर जायची आणि आम्हाला तिथेच उन्हात वाळत टाकायची. त्यामुळे कितीही धुतलं तरी आमच्या अंगाचा मिरचीचा वास गेला नाही.

सरांनी तिला राज्याच्या सतरा वर्षांखालच्या संघात पाठवायचं ठरवलं आणि तिथेच गाडं अडलं. शाळेच्या दाखल्यावर तिचं वय बसत नव्हतं. कागद सांगत होता, पोरगी साडेसतराची आहे. सर दगूबाईच्या ओट्यावर येऊन बसले. मी खुंटीला होतो.

"काकू, पोर खरंच किती वरीसनी शे?" सरांनी विचारलं.

"पंधरानी," दगूबाई म्हणाली. "मन्हा पोटनी पोर शे. माले नही माहीत व्हई का?"

"मंग हाई तारीख कशी?"

दगूबाईनं पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "शाळामा चुकी गयी व्हई."

सरांनाही घाई होती. आमच्याकडे शाळेत तारखा चुकतात, हे काही नवं नाही. त्यांनी प्रतिज्ञापत्र केलं, खऱ्या तारखेचा नवा दाखला काढला आणि जुन्याचं काय करायचं ते विसरून गेले. मित्रांनो, सर वाईट नव्हते. पण घाईनं शिवलेल्या कपड्याची शिवण उसवतेच. हे कापडाला सांगायला नको.

राज्यातून काजल देशाच्या शिबिरात गेली. तिथे नुसत्या कागदावर विश्वास ठेवत नाहीत. एका मोठ्या यंत्रात डावं मनगट ठेवायला लावतात आणि हाडांच्या टोकाची वाढ संपली की नाही ते बघतात. मी बाहेर बाकावर पिशवीत होतो. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, हाडं कोवळी आहेत, वय बसतं. माझं मनगट खरं बोललं होतं. मला वाटलं, चला, आता कोणी काही विचारणार नाही.

मग आम्ही विमानानं परदेशात गेलो. आशियातल्या मुलींची मोठी स्पर्धा होती. आपला संघ मागच्या दोन वेळा खाल्लेल्या गोलांची पाटी भरून परत आला होता, असं बाकीच्या मुली हळू आवाजात सांगायच्या. पहिल्या सामन्यात समोरच्या संघातली सगळ्यांत बुटकी मुलगीही काजलपेक्षा वीतभर उंच होती. घाम पुसायला काजलनं मला डोळ्यांवरून फिरवलं आणि माझ्यातली मिरची तिच्या डोळ्यांत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, समोर पेनल्टी, आणि ही पोर डावीकडे झेपावली. चेंडू माझ्या बोटांवर आदळला. करंगळीतली काडी मोडली ती तेव्हाच. सामना एक-एक सुटला.

दुसरा सामना आपण दोन गोलांनी जिंकला. आता तिसऱ्यात नुसती बरोबरी केली असती, तरी संघ शेवटच्या आठांत जाणार होता. मुली खोलीत गाद्यांवर उड्या मारत होत्या. काजलनं आईला फोन लावला. तिकडून दगूबाईनं एवढंच विचारलं, "जेवनी का?"

तिसऱ्या सामन्याच्या सकाळी संघाच्या व्यवस्थापकबाईंनी काजलला बोलावलं. त्यांच्या हातात गावच्या शाळेच्या रजिस्टरचा फोटो होता. जिल्ह्यातून कोणीतरी तो थेट स्पर्धेच्या समितीला पाठवला होता. कोणी पाठवला ते मला माहीत नाही, आणि उगीच कोणाचं नाव घेणं मला आवडत नाही. बाईंनी विचारलं, ही नोंद तुझीच ना? काजलनं बघितलं. नाव बरोबर, वडील नवल बरोबर, आई बरोबर, गाव बरोबर. पोरगी खोटं बोलायला शिकलीच नव्हती. ती म्हणाली, हो, माझीच.

एका माणसाच्या दोन जन्मतारखा. झालं. चौकशी संपेपर्यंत काजल खेळणार नाही, असा हुकूम आला. मनगटाच्या तपासणीचं काय, असं कोणीतरी विचारलंही. उत्तर मिळालं की हाड वय सांगतं, लबाडी सांगत नाही.

तिच्या जागी केरळची एक मुलगी उभी राहिली. बिचारीला सकाळी दहा वाजता सांगितलं आणि बाराला मैदानात उतरवलं. काजल प्रेक्षकांत बसली. पिशवी मांडीवर, मी तिच्या मुठीत. आपल्यावर सात गोल झाले. सातही वेळा तिच्या मुठीनं मला आवळलं, आणि सातवा झाल्यावर मूठ सैल पडली. शेवटी मैदानात अकरा मुली गवतावर बसून रडत होत्या. त्यांतल्या एकीनं वर काजलकडे बघितलं आणि मान फिरवली. ती मान फिरवणं मी आजही विसरलेलो नाही. घाईघाईनं सामान भरताना उजवा तिथेच राहिला. त्याचा निरोपही घेता आला नाही.

गावातून निघताना वेशीवर काजलच्या फोटोचा मोठा फलक लागला होता. परत आलो तेव्हा तो कोणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर उलटा टाकलेला होता. पाण्याच्या टाकीपाशी बायका म्हणायच्या, "उनी का वय चोरीसन?" देशाला हरवलं ते हिनंच, असंही लोक म्हणत. सात गोल खाणारे हात दुसरेच होते, पण जगाच्या तोंडाला कोण हात लावणार? वडील नवलभाऊ मुळात कमी बोलणारे. ते म्हणाले, "जाऊ दे पोर. खेत शे ना आपलं." काजलनं मला खुंटीला अडकवलं आणि ती पथारीवर जायला लागली.

महिन्याभरात बाजू मांडली नाही तर दोन वर्षांची बंदी, असं पत्र आलं. दोन वर्षांनी ती सतरा ओलांडणार. म्हणजे संपलंच. सर पुन्हा ओट्यावर आले. या वेळी ते चिडले होते.

"काकू, जुनी तारीख कोठून उनी ते आते तरी सांगा. नाहीतर पोरनं वाटोळं व्हई."

दगूबाई खाली बसली. तिनं काजलकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाली, "ती तारीख चुकेल नही शे, सर. ती काजलनीच शे. मन्ही पहिली पोर. आठ महिनानी व्हती. तापमा गयी."

काजल दारात उभी होती.

मग दगूबाईनं सगळं सांगितलं. तिच्या आधीची तिच्या आईची तीन मुलं गेली होती, म्हणून तिचं नाव दगू ठेवलं, दगडासारखी टिकावी म्हणून. तिची स्वतःची पहिली लेक गेली तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, दुधाच्या लेकराला रडू नये, पुढच्याला लागतं. तापीकाठी पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. दुसरी मुलगी झाली तेव्हा सासूनं तिला उकिरड्यावर लोळवलं आणि उखर्डी म्हणून हाक मारली. कचरा कोण उचलून नेणार! बारसं नाही, पेढा नाही, ग्रामपंचायतीत नोंदही नाही. नाव लिहिलं की मरणाला सापडतं, अशी त्या आईची भीती. पथारीवर जाताना पोर सांभाळायला घरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून तिला लवकरच शाळेत घालायला नेलं, गुरुजींनी दाखला मागितला, आणि घरात एकच दाखला होता. दगूबाईनं तो दिला. पोर साडेतीन वर्षांची होती, कागदावर सहाची झाली. उखर्डीची काजल झाली.

"मंग मी कोन शे, माय?" काजलनं विचारलं.

दगूबाई म्हणाली, "तू मन्ही जगेल पोर शे."

आता मार्ग एकच होता. पहिली काजल गेली, हे कागदावर आणायचं. सोळा-सतरा वर्षं झाली, दवाखान्याची चिठ्ठी नाही, काही नाही. दगूबाई तीन वेळा तालुक्याला गेली. आपलं लेकरू मेलं, असं तिला तीन टेबलांवर सांगावं लागलं, आणि तीन वेळा पुरावा काय, असं विचारलं गेलं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी साक्ष दिली. शेवटी काजलचा मृत्यूचा दाखला हातात आला. सरांनी तो सगळ्या कागदांच्या वर जोडला, खाली लांबलचक अर्ज लिहिला आणि समितीला पाठवला. कितीतरी दिवसांनी त्या रात्री काजल पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं मला धुतलं.

उत्तर यायला हिवाळा उजाडला. मी तोवर पथारीवर आलो होतो. मिरचीनं दगूबाईचा हात सोलवटला, म्हणून काजलनंच मला आईच्या हातात चढवलं होतं. दोघी शेजारी शेजारी बसून देठ खुडत होत्या. सर फाटकातून आले. त्यांच्या चालीवरूनच काजलनं ओळखायला हवं होतं, पण ती धावत गेली.

पत्र इंग्रजीत होतं. सर मराठीत सांगू लागले. "काजल हिच्या निधनाची बातमी समजून आम्हाला अतिशय दुःख झालं. इतक्या लहान वयात ती गेली, ही फार मोठी हानी आहे. तिच्या आईवडिलांच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. खेळाडू हयात नसल्यामुळे चौकशी बंद करण्यात येत आहे."

काजल म्हणाली, "मरी गयी का मी, सर?"

सर म्हणाले, त्यांनी अर्ज वाचलाच नाही, वरचा दाखला तेवढा पाहिला. परत लिहू. पण परत लिहून उत्तर येईपर्यंत पुढचं शिबिर होऊन गेलेलं असणार, हे त्यांना ठाऊक होतं, काजललाही ठाऊक होतं. दहावीचं प्रमाणपत्र, राज्याचं पदक, देशाच्या संघातलं नाव, सगळं काजलचं; आणि काजल तर सरकारदरबारी गेलेली. पोरगी वाळत्या मिरच्यांत मटकन बसली. रडली नाही.

माझ्या आत दगूबाईचा हात होता. तिनं मला काढून बाजूला ठेवलं, पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "परत वाचा बरं, सर. दुःख झालं, ते."

पत्राची घडी घालता घालता सरांनी मान वर केली.

"मन्ही पोर गयी तवय कोणीच काही बोलनं नही," दगूबाई म्हणाली. "हाई पहिलंच पत्र शे. वाचा."

सरांनी परत वाचलं. सतरा वर्षं अडवून धरलेलं रडू त्या बाईच्या तोंडून बाहेर पडलं, तेव्हा पथारीवरच्या साऱ्या बायकांचे हात थांबले. एक लेक समोर बसलेली, जिवंत आणि संपलेली. आणि ती रडत होती दुसरीसाठी. काजल उठली आणि आईला धरून बसली. मी मिरच्यांत पडून होतो. चेंडू अडवायचं तेवढंच मला येतं, त्यामुळे माझा काही उपयोग नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा. मला नाही जपलं तरी चालेल, मी रबराचा आहे. पण तुमच्या घरात तुमच्या आधी एखादं लेकरू येऊन गेलं असेल, तर आईजवळ बसा आणि त्याचं नाव विचारा. ती आधी नाही म्हणेल. तरी बसून राहा.